अ‍ॅनालॉग किक सिंथ: किक सुरात लावण्यापासून मिक्समध्ये बसवण्यापर्यंत

नव्याने संगीत बनवायला लागलेला माणूस किक, म्हणजे गाण्याचा ठोका धरणाऱ्या बेस ड्रमचा खोल आवाज, शोधत बसतो. सॅम्पल पॅकमधल्या (तयार रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या संचातल्या) शेकडो फायली ऐकायच्या, त्यातली एक उचलायची, गाण्यात बसत नाही म्हणून तिच्यावर ईक्यू (आवाजाचे खालचे-वरचे भाग कमीजास्त करणारं साधन) चढवायचा, तरी बसत नाही म्हणून कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारं साधन) चढवायचा, आणि शेवटी पुन्हा दुसरी फाइल. अ‍ॅनालॉग किक सिंथ, म्हणजे विजेच्या सर्किटमधून किक निर्माण करणारं यंत्र, हातात आला की हा सगळा खटाटोप संपतो, कारण किक शोधावी लागत नाही, गाण्याच्या मापाने घडवता येते. पण त्यासाठी नॉब कुठल्या क्रमाने फिरवायचे हे माहीत हवं. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: किकला सूर असतो, आणि तो गाण्याच्या सुरात लावणं हे पहिलं काम. बाकी सगळं त्यानंतर.

आत काय चालतं

रोलँड कंपनीने १९८० साली टीआर-८०८ हे ड्रम मशीन बाजारात आणलं. त्याच्या किकमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज नाही. आत ब्रिज्ड-टी नावाच्या जोडणीचं एक सर्किट आहे, आणि ते स्वतःहून वाजायला लागेल अशा बेताला आणून ठेवलेलं असतं. ठोका आला की विजेचा एक छोटा झटका त्याला बसतो, ते साधारण ५० हर्ट्झला घुमतं आणि हळूहळू विझतं. कॉर्गचं व्होल्का किक हे हातावर मावणारं यंत्रही याच घराण्यातलं. त्यात कॉर्गच्याच जुन्या एमएस-२० सिंथचा फिल्टर घुमतो.

१९८३ सालच्या टीआर-९०९ चा विचार वेगळा आहे. त्यातले हाय-हॅट आणि झांजा सॅम्पल केलेल्या आहेत, पण किक अ‍ॅनालॉगच आहे. तिथे एक ऑसिलेटर (सलग लहर निर्माण करणारं सर्किट) सतत तयार असतो. ठोका आला की त्याचा सूर झटकन वरून खाली येतो आणि सुरुवातीला वेगळी क्लिक मिसळली जाते. म्हणून ८०८ चा घुमारा लांब आणि गोल वाटतो, तर ९०९ छातीवर ठोसा मारते. आज बाजारात मिळणारे बहुतेक किक सिंथ या दोन वाटांपैकी एका वाटेने जातात. आपल्या यंत्राची वाट कुठली हे आधी ओळखा, म्हणजे त्याच्याकडून काय मागायचं ते कळतं.

टीआर-८०८ आपल्याकडे फार लवकर पोचलं होतं. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी टीआर-८०८, टीबी-३०३ हा बेस सिंथ आणि ज्युपिटर-८ हा कीबोर्ड सिंथ ही तीन यंत्रं घेऊन राग वाजवले. शिकागोत अ‍ॅसिड हाउस ही नृत्यसंगीताची शैली आकाराला यायला तेव्हा अजून काही वर्षं होती. हे रेकॉर्डिंग प्रत्येक नवशिक्याने ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

जोडणी

बहुतेकांची पहिली अडचण इथेच येते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

व्होल्कासारख्या छोट्या यंत्राला आवाज बाहेर काढायला एकच ३.५ मिलिमीटरचा हेडफोन जॅक असतो. जॅक स्टीरिओ, पण दोन्ही बाजूंना किक तीच. नवा माणूस दुकानातून एका टोकाला छोटी आणि दुसऱ्या टोकाला मोठी स्टीरिओ पिन असलेली केबल आणतो आणि ती ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या उपकरणाच्या) बॅलन्स्ड लाइन-इनमध्ये खुपसतो. बॅलन्स्ड इनपुट दोन तारांमधला फरक मोजतं. दोन्ही तारांवर एकच आवाज असेल तर फरक जवळजवळ शून्य, आणि किक इतकी पातळ आणि लांबून आल्यासारखी ऐकू येते की यंत्रच बिघडलंय असं वाटतं. यंत्र ठीक असतं. दुकानात ‘स्टीरिओ मिनी टू डबल मोनो’ केबल मागा, म्हणजे एका टोकाला छोटी स्टीरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोठ्या मोनो पिना. त्यातली एकच पिन इंटरफेसला लावा. किक मोनोच असते, दुसरी पिन मोकळी राहिली तरी चालते.

इनपुट लाइनवर ठेवा, माइकवर नको. ४८ व्होल्ट फँटम पॉवर (माइकला दिली जाणारी वीज) बंद.

आता वीज. भारतात घरातला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, आणि आपण किक लावणार आहोत तीही याच भागात. म्हणजे अर्थिंग नीट नसेल किंवा लॅपटॉपच्या चार्जरमुळे ग्राउंड लूप (अर्थिंगचे दोन मार्ग जुळून होणारं वर्तुळ) झाला असेल, तर येणारी गुणगुण नेमकी किकच्या पोटात जाऊन बसते. ईक्यूने ती काढायला गेलात तर किकही जाते. शिवाय किक ५२ हर्ट्झला असेल आणि गुणगुण ५० ला, तर दोघींच्या फरकाने किकची शेपूट सेकंदाला दोनदा फुगते-ओसरते. सिंथ वाजत नसताना इनपुटचा मीटर बघा. काटा हलत असेल तर सिंथ बॅटरीवर घ्या (व्होल्का किकला सहा डबल-ए सेल लागतात), रेकॉर्डिंगपुरता लॅपटॉपचा चार्जर काढा. तरीही आवाज राहिला तर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (सिंथ आणि इंटरफेस यांच्यातली विजेची थेट जोडणी तोडून आवाज पुढे नेणारी डबी) मध्ये घाला. अर्थिंगची पिन तोडून प्रश्न सोडवायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

यंत्र चालू करून पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. अ‍ॅनालॉग सर्किट गरम होईपर्यंत सूर थोडा सरकतो. आत्ता लावलेला सूर रेकॉर्डिंग करेपर्यंत उतरलेला असला, तर मेहनत फुकट.

सगळे नॉब खाली, आणि मग सूर

ड्राइव्ह (आवाज दाबून खरखरीत करणारा नॉब) शून्य. बेंड (सुराची घसरण) शून्य. क्लिक किंवा पल्स (सुरुवातीची टिचकी) अगदी कमी. डिके (घुमारा विझायला लागणारा वेळ) लांब. टोन (आवाजाची चमक) अर्ध्यावर. सिक्वेन्सरमध्ये (ठोके क्रमाने वाजवणाऱ्या भागात) दर मात्रेला एक ठोका टाका आणि ऐका. बोथट, लांब ‘डूऽऽम’ ऐकू आलं पाहिजे. हाच आपला कच्चा माल.

आता गाण्याची पट्टी बघा. खालचे आकडे जवळ लिहून ठेवा:

पांढरी तीन: ४१.२ हर्ट्झ
पांढरी चार: ४३.७
काळी तीन: ४६.२
पांढरी पाच: ४९
काळी चार: ५१.९
पांढरी सहा: ५५
काळी पाच: ५८.३
पांढरी सात: ६१.७
पांढरी एक: ६५.४

किकसाठी साधारण ४५ ते ६० हर्ट्झचा पट्टा सोयीचा. त्याखाली गेलात तर घरातल्या स्पीकरवर काही ऐकू येत नाही, आणि फार वर गेलात की किक टॉमसारखी (ड्रमसेटमधल्या वरच्या सुराच्या ड्रमसारखी) वाटायला लागते.

समजा, गायक काळी एकमध्ये गातोय. काळी एकचा षड्ज खाली ३४.६ हर्ट्झला पडतो आणि वर ६९.३ ला. एक फार खोल, दुसरा फार वर. मग पंचम घ्या: काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार, ५१.९ हर्ट्झ. किकसाठी अगदी मोक्याची जागा. गायिका काळी चारमध्ये गात असेल तर तीच ५१.९ ची किक तिचा षड्ज होते. काळी पाच असेल तर ५८.३ ला सरळ षड्जात लावा.

पण पंचम डोळे मिटून घेऊ नका. चाल मालकंसावर बेतलेली असेल तर त्यात पंचम नाही, आणि प्रत्येक ठोक्याला पंचम घुमवणारी किक त्या चालीचा रंग घालवते. तिथे मध्यम घ्या. काळी एकचा मध्यम म्हणजे काळी तीन, ४६.२ हर्ट्झ. मारव्यात पंचमही नाही आणि शुद्ध मध्यमही नाही, त्यामुळे षड्जाच्या आसपास राहून किक आखूड ठेवणं बरं. परदेशी बनावटीच्या सॅम्पल पॅकमधून हा विचार तुम्हाला कुणी करून देणार नाही. तो नॉबवर हात ठेवून स्वतःच करावा लागतो, आणि अ‍ॅनालॉग सिंथ घ्यावा याचं माझ्या दृष्टीने हेच सगळ्यात मोठं कारण आहे.

सूर मोजायचा कसा? फोनमधला ट्यूनर हवेतून ऐकून मोजत असेल तर त्यावर भरवसा ठेवू नका. इतका खालचा आवाज तुमचा स्पीकर नीट बाहेर टाकत नाही. डीएडब्ल्यूमधला (कॉम्प्युटरवरच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला) ट्यूनर किकच्या ट्रॅकवर टाका आणि ठोक्याची सुरुवात सोडून शेपटीचा आकडा वाचा. कानाने लावायची असेल तर दुसऱ्या ट्रॅकवर ५१.९ हर्ट्झची साधी साइन लहर चालू ठेवा आणि हेडफोनवर ऐकत पिचचा नॉब अगदी हळू फिरवा. दोन्ही आवाजांतली हेलकावणारी थरथर मंद होत थांबली, की सूर मिळाला. तानपुरा लावणाऱ्याला हे नवं नाही. मूळ टीआर-८०८ च्या किकला मात्र सूर बदलायचा नॉबच नाही; लेव्हल, टोन आणि डिके एवढंच. तसं यंत्र असेल तर किक रेकॉर्ड करून सॅम्पलरमध्ये सूर सरकवावा लागतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ५० हर्ट्झचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. २०० मिलिसेकंदांच्या किकमध्ये अशी जेमतेम दहा आवर्तनं बसतात. तेवढ्यात कानाला सूर अर्धवटच कळतो. म्हणून आखूड किकमध्ये सूर थोडा इकडेतिकडे चालतो. लांब, घुमणाऱ्या किकमध्ये अजिबात चालत नाही.

बेंड: किकचा ठोसा इथे आहे

डग्ग्यावर मनगट सरकवून तबलजी घुमाऱ्याचा सूर वर नेतो. किक सिंथमध्ये सूर उलटा जातो: वर सुरू होतो आणि खाली घसरून आपल्या जागी येतो. किती वरून सुरू होतो ते बेंड ठरवतो, आणि किती वेळात खाली येतो ते टाइम. काही यंत्रांवर या दोघांना पिच एनव्हलपची डेप्थ आणि डिके म्हणतात. टीआर-९०९ च्या किकवरचा ‘ट्यून’ लिहिलेला नॉबही खरं तर या घसरणीवरच काम करतो.

टाइम साधारण ४० मिलिसेकंदांवर ठेवून बेंड हळूहळू वाढवा. सूर २००-३०० हर्ट्झवरून सुरू व्हायला लागला की बोथट ‘डूम’चा ‘धप्’ होतो. आता टाइम वाढवून बघा: १५० मिलिसेकंदांच्या पुढे गेलात की घसरण कानाला वेगळी ऐकू येते, ‘टिऊं’ असा आवाज होतो. काही गाण्यांत तो हवासा असतो. उलट टाइम दहा मिलिसेकंदांच्या खाली नेला की घसरण ऐकूच येत नाही, नुसती टिचकी राहते. या दोन टोकांच्या मधला नॉबचा छोटासा भागच कामाचा आहे. तिथे वेळ घालवा. नॉब केसभर हलवला तरी स्वभाव बदलतो, आणि सॅम्पलवर ईक्यू करून हा फरक कधीच मिळत नाही.

क्लिक शेवटी घाला, तीही गाण्यातली बाकीची वाद्यं चालू ठेवून. एकटी किक ऐकताना क्लिक नेहमी जास्तच हवीशी वाटते. मिक्समध्ये हाय-हॅट आणि टाळ आधीच वर असतील तर थोडीशी पुरते.

डिके लयीवरून ठरवा

साठ हजाराला बीपीएमने (एका मिनिटातल्या मात्रांच्या संख्येने) भागा, एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. १२० ला ५००, १२८ ला ४६९, १४० ला ४२९. दर मात्रेला किक असेल तर तिची शेपूट पुढच्या ठोक्याआधी संपलीच पाहिजे, नाहीतर खालचा भाग सतत भरलेला राहतो आणि ठोका कळेनासा होतो. बेस दोन किकच्या मधोमध वाजत असेल तर १२८ च्या लयीत तुमच्याकडे फक्त २३४ मिलिसेकंद आहेत. तेवढ्यात आवरा. ८५ च्या संथ लयीत मात्रा ७०६ मिलिसेकंदांची होते. तिथे लांब किक स्वतःच बेसचं काम करू शकते, मग वेगळा बेस ठेवायचाच का याचाही विचार करा.

ड्राइव्ह

५१.९ हर्ट्झची शुद्ध किक फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. त्या स्पीकरला २००-३०० हर्ट्झच्या खाली फारसं काही जमत नाही. ड्राइव्ह वाढवला की लहरीचे माथे चपटे होतात आणि तिप्पट, पाचपट वारंवारतेचे उपस्वर तयार होतात: १५६, २६०. फोन हे वरचे उपस्वर वाजवतो आणि खालचा सूर कान स्वतः भरून काढतो. आज निम्मे लोक गाणं फोनवर ऐकतात असं धरून चाला, आणि थोडा तरी ड्राइव्ह ठेवाच.

दोन सूचना. ड्राइव्हने आवाज मोठा होतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो. म्हणून आधीची आणि नंतरची किक एकाच पातळीवर आणून तुलना करा. दुसरं म्हणजे ड्राइव्हने शेपटीचा दबलेला भाग वर येतो, त्यामुळे किक लांबल्यासारखी होते. ड्राइव्ह ठरला की डिके पुन्हा थोडा कमी करा.

तुमची खोली तुम्हाला फसवते

अकरा फुटांच्या खोलीत, म्हणजे साधारण ३.३५ मीटरच्या, समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५१ हर्ट्झची उभी लहर तयार होते. बरोबर काळी चारच्या शेजारी. खोलीच्या मधोमध बसलात तर तीच किक जवळजवळ नाहीशी होते, भिंतीला टेकून बसलात तर फुगून येते. आपल्याकडच्या बहुतेक बेडरूम दहा-अकरा फुटांच्याच असतात, त्यामुळे हा प्रश्न घरोघरी आहे. किकचा तळ स्पीकरवर ठरवू नका. हेडफोनवर ऐका, डीएडब्ल्यूमधल्या स्पेक्ट्रमवर आकडा बघा, आणि स्पीकरवर ऐकताना उठून खोलीत दोन-तीन जागी उभं राहून ऐका.

रेकॉर्डिंग

२४ बिटवर करा. पातळी उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या, काटा लाल भागात नको. एकच ठोका रेकॉर्ड करून थांबू नका. यंत्र दोन-तीन मिनिटं वाजू द्या आणि तेवढ्यात डिके, बेंड, अ‍ॅक्सेंट (ठोक्याचा जोर) थोडेथोडे हलवत राहा. अ‍ॅनालॉगमध्ये प्रत्येक ठोका मागच्यापेक्षा किंचित वेगळा असतो, त्यातले आवडलेले कापून ठेवा. बेंड आणि ड्राइव्ह कुठे होते ते नंतर आठवत नाही, आणि बऱ्याच छोट्या यंत्रांत नॉबची जागा साठवायची सोय नसते. सरळ फोनने वरून फोटो काढा.

कापलेला ठोका डीएडब्ल्यूच्या मात्रेवर बसवताना फाइलची सुरुवात शून्य रेषेवरून होते ना, ते झूम करून बघा. मध्येच कापलेल्या लहरीने नको असलेली टिचकी येते.

मिक्समध्ये

सूर, लांबी आणि घसरण आधी नीट लागली असेल तर इथे फार थोडं काम उरतं. २५-३० हर्ट्झच्या खालचं हलक्या हाताने कापा. किक मध्यभागी, मोनो. बेस आणि किक एकत्र वाजवून एकाची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघा. ज्या स्थितीत तळ जास्त भरलेला वाटतो ती ठेवा. हे एक बटण दाबायचं काम आहे आणि नवशिके ते हमखास विसरतात. बेसवर किकचा साइडचेन (किक वाजताच बेसचा आवाज क्षणभर खाली आणणारी जोडणी) लावायचा असेल तर तीन ते सहा डेसिबलपासून सुरुवात करा, आणि बेस पुढच्या ठोक्याआधी पूर्ण वर येईल इतकाच रिलीज (आवाज परत वर यायला लागणारा वेळ) ठेवा.

गाण्यात खरा ढोल रेकॉर्ड केला असेल तर थापीचा खोल आवाज आणि किक एकमेकांवर चढतात. तिथे ढोलाचा खालचा भाग कापायचा मोह होतो, पण ढोल ढोलासारखाच ऐकू यायला हवा. त्याऐवजी किकची क्लिक पूर्ण काढा, बेंड कमी करा आणि तिला ढोलाच्या खाली नुसता घुमारा देऊ द्या. थापीने ठोका द्यायचा, किकने सूर. दोन्हींची सुरुवात मिलिसेकंदापर्यंत जुळवा आणि पोलॅरिटी इथेही तपासा.

झालेल्या फायलींना नाव देताना सूर, हर्ट्झ आणि लांबी लिहा: ‘काळी चार ५१.९ लांब’, ‘काळी तीन ४६.२ आखूड’. पुढच्या गाण्याची पट्टी कळली की तुमच्याच फोल्डरमधून नेमकी किक लगेच हाताशी येते, आणि एखादा सूर नसेल तर तो लावायला सिंथ आहेच.